जळगावचे मेहबूबखान

बालगंधर्वांची हकीकत वाचताना सुरुवातीच्या पानांत एक वाक्य येतं आणि निघून जातं. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी काही काळ जळगावला आप्तांच्या घरी होता, तिथे मेहबूबखान यांनी या मुलाला गाणं शिकवलं. एवढंच. मग मजकुराला घाई होते. टिळकांनी पोराचं गाणं ऐकून दिलेलं ‘बालगंधर्व’ हे नाव येतं, शाहू महाराजांनी कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी त्याला मिरजेला धाडल्याचं येतं, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगभूमीवर त्याची शकुंतला उभी राहते, आणि पुढचे गुरू भास्करबुवा बखले येतात. बखलेबुवांवर पानंच्या पानं असतात, आणि ती असायलाच हवीत. पण मी खानदेशातला माणूस. माझं वाचन त्या एका वाक्यापाशीच अडतं.

मी अमळनेरचा. सुरत–भुसावळ मार्गावरची आमची गाडी धरणगाव, पाळधी करत जळगावला पोचते. सगळं अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचं. नारायण तिकडे शिकत होता तेव्हा पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी वाटणीसुद्धा झालेली नव्हती. ती १९०६ ची. तोवर एकच अफाट जिल्हा होता, कचेरी धुळ्याला, आणि व्यापार कापसाचा. अशा मुलखात एक खाँसाहेब एका ब्राह्मण घरातल्या पोराला समोर बसवून सूर देत होते. पुढे त्याच गळ्यावर महाराष्ट्र वेडा झाला. त्या वेडाचा हिशेब मांडताना आपण पुण्याचं नाव घेतो, मिरजेचं घेतो, मुंबईचं घेतो. जळगावचं नाव घेताना आवाज जरा खाली जातो.

लहान मुलाला गाणं शिकवणं म्हणजे काय, हे ज्यांनी रोज पाहिलेलं आहे त्यांना त्या एका वाक्यात किती काम दडलंय ते कळेल. मूल येतं ते ऐकलेली गाणी घेऊन. त्याला ती गाऊन दाखवायची असतात. शिक्षकाला मात्र त्याच्याकडून एकच स्वर हवा असतो, तोही स्थिर. आधी त्याची पट्टी शोधायची. काळी चारला तो ताणतोय का, पांढरी तीनला घशात पडतोय का, हे त्याला विचारून कळत नाही. चेहऱ्यावरून, मानेच्या शिरांवरून ओळखावं लागतं. मग आकार. तोंड पुरतं उघडत नाही, आवाज नाकात जातो, षड्ज लागला म्हणेपर्यंत खाली घसरतो. रागावून चालत नाही, कारण घाबरलेल्या मुलाचा श्वास पहिला तुटतो. फार कौतुकही चालत नाही, कारण मग ते शिक्षकाकडे पाहून गायला लागतं, तंबोऱ्याकडे कान देत नाही. हे सगळं महिनोन्‌महिने करायचं, आणि त्यातलं बाहेरच्यांना दाखवण्यासारखं काहीच नसतं. आईबाप विचारतात, गाणं कधी शिकवणार? तेव्हा हसून वेळ मारून न्यायची.

बालगंधर्वांच्या गाण्यात ऐकणाऱ्याला जे पहिल्यांदा पकडतं, ते म्हणजे स्वराची ती नितळ, विनासायास जागा. तान नंतर येते, भाव नंतर येतो. आवाज जिथे हवा तिथेच उभा असतो, त्याला शोधाशोध करावी लागत नाही. देणगी म्हणून आपण ते देवावर सोपवतो. माझं मत वेगळं आहे. कानाच्या दुखण्यासाठी ज्याला मिरजेच्या इस्पितळात जावं लागलं, त्या मुलाचा सूर इतका पक्का होता, तर तो लहानपणी कुणीतरी पक्का करून घेतलेला असणार. बखलेबुवांच्या हाती गळा आला तो तयार जमिनीसारखा. बुवांनी त्यात ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी तिन्हीकडची विद्या पेरली आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकात तिचं अमाप पीक महाराष्ट्रानं पाहिलं. नांगरणी मात्र जळगावात झालेली होती.

बखलेबुवांबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यात शिकवण्याच्या कामाचं सगळं मर्म आहे असं मला वाटतं. बुवाही लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच होते. ‘रामराज्यवियोगा’त त्यांची कैकेयी गाजली होती. मग वयानुसार आवाज फुटला आणि ज्या मुलाच्या पदांना टाळ्या पडत होत्या त्याला मंडळीत अपमान गिळावा लागला. तिथून तो बाहेर पडला आणि बडोद्यात फैज महंमदखाँकडे पुन्हा मुळापासून शिकू लागला. पुढे नथ्थनखाँ, पुढे अल्लादियाखाँ. एवढी वणवण करून मोठा झालेला गवई त्याच मंडळीत शिक्षक म्हणून परतला, आणि त्याच्यापुढे शिकायला बसला नारायण राजहंस. आवाज फुटल्यावर मुलाला काय वाटतं हे बुवांना कुणी सांगावं लागणार नव्हतं. त्यांच्या शिष्यांनी त्यांच्याबद्दल आयुष्यभर जे प्रेम बाळगलं, त्याचं मूळ मला त्या फुटलेल्या आवाजात दिसतं.

आवाज फुटण्याचा तो काळ लहान गावातल्या गाण्याच्या वर्गात फार मोठा असतो. मुली टिकतात, मुलगे तेरा-चौदाव्या वर्षी गळून जातात. काल गणपतीत वाहवा मिळवणारा पोरगा आज तोंड उघडायला तयार नसतो. आमच्या अमळनेरात ज्या सरांकडे आम्ही शिकलो ते अशा मुलाला गायला लावत नसत. त्याला पेटीवर बसवत, तबल्यावर बसवत, काहीच जमलं नाही तर तंबोरा जुळवायला सांगत. ‘गळा आराम करतोय, कान चालू दे,’ इतकंच म्हणत. एका पोराची आई दारात येऊन अहिराणीत विचारायची, ‘सर, मना पोऱ्या आते कसा गास?’ सर सांगायचे, ‘गात नाही ताई सध्या. ऐकतोय. बरं ऐकतोय.’ त्या आईला त्यात समाधान वाटायचं, कारण सर ते गंभीरपणे सांगायचे. त्या मुलांपैकी बरीच परत गायला आली. जी आली नाहीत ती साथीला राहिली. वर्ग सोडून गेलेलं मात्र सहसा कुणी नव्हतं.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि ज्यांना ते माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. एक भाड्याची खोली, सतरंजी, दोन पेट्या, त्यातल्या एकीचा भाता कायम दुरुस्तीला आलेला. संध्याकाळी मिलच्या वस्तीतून येणारी मुलं, पेठेतल्या दुकानदारांची मुलं, खेड्यावरून सायकलवर येणारे दोघं-तिघं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत मुली वर्गाला यायच्या त्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणून घसा बसवूनच. सर रागवायचे नाहीत. तीच गाणी म्हणायला लावायचे आणि म्हणताना मध्येच तंबोरा छेडायचे. आपण जे झोक्यावर उगाच म्हणतो तेही एका षड्जाला धरून चाललेलं आहे, हे त्या मुलींना त्या क्षणी कळायचं. मला वाटतं, शास्त्राबद्दलची भीती त्यांच्या मनातून तिथेच जायची.

पेटीवर सरांचा जीव होता आणि पेटीवर त्यांचा भरवसा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. ठरलेल्या पडद्यांच्या या वाद्यात आपल्या श्रुती बसत नाहीत, मींड निघत नाही, हा आक्षेप जुना. त्याच कारणावरून १९४० साली नभोवाणीनं पेटीला दार बंद केलं आणि ते पुढे तीसएक वर्षं बंदच राहिलं. त्या तीस वर्षांत तालुक्याच्या गावांत मात्र गाणं पेटीवरच शिकवलं गेलं, कारण तंबोरा महाग, नाजूक, आणि सारंगिये इकडे मिळणार कुठून! रेडिओवर ज्या वाद्याला जागा नव्हती त्याच वाद्यानं खेड्यापाड्यांतले सूर सांभाळले. सर म्हणायचे, पेटी वाट दाखवायला आहे, चालायचं आपण. गाणारा एकदा स्वरावर उभा राहिला की ते पेटीचा आवाज कमी करत, आणखी कमी करत, आणि शेवटी बोटं उचलून घेत. मुलगा नुसत्या तंबोऱ्यावर उरायचा. कित्येकांच्या ते लक्षातही यायचं नाही.

हीच बोटं उचलण्याची सवय त्यांच्या विद्यार्थ्यांत आली. त्यांचं देणं मला तिच्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतं. वैशाखात आमच्या बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. गावोगावच्या भजनी मंडळ्या येतात. रात्री महाराजांच्या वाडीच्या आसपास हिंडताना दहा ठिकाणचा टाळ-मृदंग कानावर येतो, आणि त्यातली एखादी पेटी मी न बघता ओळखतो. बुवा अभंग उचलतात, पेटी बरोबर निघते, आणि ते वरच्या षड्जावर जाऊन थांबले की ही पेटी हलकेच मागे सरते. भरणा करत नाही. गाणाऱ्याला ती जागा पूर्ण मोकळी देते. मान वळवून पाहिलं तर वाजवणारा सरांकडे शिकलेला असतो, किंवा सरांकडे शिकलेल्या कुणाकडे तरी शिकलेला. एकदा असाच एक पंचविशीतला तरुण दिसला. त्यानं सरांना पाहिलेलंही नसणार. त्याच्या हाताला मात्र ते माहीत होतं.

सरांच्या वर्गातून गायक म्हणून नाव काढणारे निघाले नाहीत, असं कुणी म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. एक जण लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. खानदेशातली लग्नं आणि बँड यांचं नातं ज्यानं पाहिलंय त्याला हे हलकं काम वाटणार नाही. वरातीच्या गोंगाटात, उन्हात, चार-चार तास सूर धरून चालायचं असतं. निघण्याआधी तो कोपऱ्यात जाऊन बाकीच्या वाद्यांशी आपला स्वर ताडून घेतो. बँडवाले त्याला चिडवतात, पण थांबतात. एक मुलगी नाशिकला संगीताची शिक्षिका झाली. एक बँकेत आहे, सकाळी उठून तासभर तंबोऱ्यावर बसतो आणि कुणापुढे गात नाही. एक जण कीर्तनाला साथ करतो. तंबोरा लागेपर्यंत बोलायचं नाही, हा सरांचा नियम. हे चौघं कधी एका खोलीत आले तर अजूनही तो पाळतील याची मला खात्री आहे.

अमळनेरला शिक्षकाचं मोल शिकवावं लागत नाही. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कुलात १९२४ साली आले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. सहा वर्षं. त्यात त्यांनी वर्ग घेतले, छात्रालय सांभाळलं, मुलांच्या खोल्या झाडल्या, ‘विद्यार्थी’ मासिक चालवलं. ती सहा वर्षं हे गाव शंभर वर्षं सांगत आलंय. १९५२ साली कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी अध्यक्ष असताना इथे साहित्य संमेलन झालं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा झालं, ९७ वं. दुसऱ्या वेळी प्रताप महाविद्यालयाच्या आवारात हिंडताना जो तो गुरुजींचंच बोलत होता. गुरुजींनी लिहिलं, त्यांची पुस्तकं घरोघरी गेली, म्हणून त्यांना न पाहिलेली माणसंही त्यांची विद्यार्थी झाली. संगीताच्या शिक्षकाचं असं पुस्तक मागे राहत नाही. त्यानं दिलेलं दुसऱ्याच्या गळ्यातच राहतं, आणि तो गळा थकला की तिसऱ्याच्या. त्यामुळे कुणी आठवून सांगितलं नाही तर एका पिढीत नाव पुसलं जातं. काम पुसलं जात नाही. मेहबूबखानांच्या बाबतीत निदान एक वाक्य उरलं, ते विद्यार्थी बालगंधर्व झाला म्हणून.

काहींच्या वाट्याला ते वाक्यही येत नाही. तापीकाठचं थाळनेर आमच्यापासून लांब नाही. मास्टर दीनानाथांची सासुरवाडी तिथली. लता मंगेशकरांची आई शेवंती थाळनेरच्या लाड घराण्यातली. लताबाईंना त्यांच्या या आजोळच्या आजीनं गुजराती गरबे शिकवले, पावागडची गाणी शिकवली. त्या आजीला कुणी गुरू म्हणत नाही, आणि तिनंही स्वतःला म्हणवून घेतलं नसतं. पण दीनानाथांनी मुलीपुढे तंबोरा धरण्याआधी किंवा त्याच सुमारास तापीकाठच्या एका घरात तिच्या कानावर जे पडत होतं, त्याची मोजदाद कोण करणार? खानदेशच्या मातीनं अशी पहिली शिकवणी अनेकदा दिली आहे, आणि पुढची शिकवणी दुसरीकडे झाली म्हणून श्रेयही दुसरीकडे गेलं. याचं मला दुःख आहे, हे मी लपवत नाही.

पुन्हा सरांच्या खोलीकडे येतो. तालुक्याच्या गावात गाण्याचा वर्ग असू शकतो, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. पूर्वी गाणं शिकायचं तर गवयाच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, त्याची मर्जी सांभाळायची, आणि तो देईल तेव्हा घ्यायचं. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा वर्ग, वेळापत्रक, फी, क्रमिक पुस्तकं, स्वरलेखन असं सगळं त्यांनी बसवलं. गाणाऱ्यांइतकेच शिकवणारे तयार करायचे, हे त्यांनी ठरवून केलं, आणि शिष्य गावोगाव पाठवले. मुंबईची मोठी इमारत कर्जापायी लिलावात गेली, पण शिष्यांची साखळी लिलावात निघण्यासारखी नव्हती. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज मराठी मुलखातल्या कुठल्याही गावच्या पालकांना पाठ असतात. सरांची भाड्याची खोली त्या साखळीची एक टोकाची कडी होती. वर्षातून दोनदा आम्ही धुतलेले कपडे घालून परीक्षेला जायचो, आणि परीक्षकांनी काय विचारलं यावर परतीच्या गाडीत वाद घालायचो.

आता या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात. वर्ग भरले आहेत. शिक्षकांच्या पोटाला आधार झाला, याचा आनंद मानावा. चिंता एवढीच वाटते की दहावी झाली की तंबोरा कपाटावर जातो, आणि पालक पहिल्याच दिवशी विचारतात की किती महिन्यांत प्रवेशिका. स्थिर षड्जाला किती महिने लागतात, याचं उत्तर कुठल्याही प्रामाणिक शिक्षकाकडे नसतं. घाई झाली की शिक्षक पहिला तोच स्वर सोडून देतो, कारण त्याला गुण नसतात. रागाच्या माहितीला असतात, पाठ केलेल्या तानांना असतात. मोबाइलमध्ये तंबोरा आला आहे. तो चांगला आहे, गरिबाच्या घरी पोचला आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तंबोरा जुळवताना मुलाचा जो कान तयार होतो, ती शिकवणी त्यातून वजा झाली. ती दुसऱ्या कुठल्या वाटेनं द्यायची, हे आजच्या शिक्षकांनी शोधायला हवं, आणि काही जण शोधताहेतही. आमच्याच गावात एक तरुण शिक्षिका मुलांना आठवड्यातून एकदा वीज आणि मोबाइल दोन्ही बंद करून एका जुन्या तंबोऱ्याभोवती बसवते. चारही तारा मुलांनीच लावायच्या. तास संपेपर्यंत लागल्या नाहीत तर गाणं होत नाही. मुलं कुरकुरतात, आणि पुढच्या आठवड्यात लवकर येतात. ती सरांच्या विद्यार्थिनीची विद्यार्थिनी.

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. त्यांच्या नावानं संगीत महोत्सवही होतो, मोठमोठे कलावंत येऊन गातात, आणि आम्ही अमळनेरहून, धुळ्याहून ऐकायला जातो. हे सगळं असंच चालू राहावं. त्याच्या जोडीला मला आणखी एक गोष्ट हवी आहे. मेहबूबखानांच्या नावाची एक खोली. मोठी नको. दोन तंबोरे, एक पेटी, तबल्याची जोडी, आणि सकाळ-संध्याकाळ येणारा एक शिक्षक, ज्याचा पगार फीवर अवलंबून नसेल. सात-आठ वर्षांच्या कुठल्याही मुलाला, कुठल्याही घरातल्या, तिथे येऊन बसता यावं, आणि पहिलं वर्षभर त्याला परीक्षेला बसवू नये. जळगावात जागा मिळाली नाही तर अमळनेरात मिळेल. त्यासाठी मी बोलायला सुरुवात केली आहे. कुणाकडे वापरात नसलेला तंबोरा असेल, भोपळ्याला तडा गेलेला असला तरी चालेल, तर मला कळवावं. दुरुस्त करणारा माणूस आमच्याकडे आहे.